पुढच्या लाकडातली चीर

अमेरिकेत जुनी ब्राउनिंग ऑटो-५ विकायला निघाली की जाणकार गिऱ्हाईक तिच्या नक्षीवर किंवा पॉलिशवर भाळत नाही. बंदूक रिकामी आहे याची खात्री झाली की तो नळीखालचे, डाव्या हाताने धरायचे लाकूड उतरवतो आणि उजेडात धरून त्यात चीर आहे का ते बघतो. चीर दिसली की भाव उतरतो. लाकूड बदलता येते, पण धक्का आवरणाऱ्या आतल्या कड्या आधीच्या मालकाने चुकीच्या लावल्या असतील, अशी शंका त्या चिरेमुळे बळावते. ऑटो-५ ही बाजारात खऱ्या अर्थाने यशस्वी झालेली पहिली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. तिचे निम्मे यंत्र मालकाच्या अकलेवर सोपवलेले होते.

ती घडवली जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटामधल्या ऑग्डेन गावी १८५५ मध्ये जन्मलेला हा बंदूक-कारागिराचा मुलगा. १८८३ पासून तो विंचेस्टर कंपनीला आपल्या रचना विकत होता आणि चाळीसहून अधिक रचना त्याने विकल्या. व्यवहार ठरलेला असे : एकरकमी पैसे घ्यायचे आणि सगळे हक्क सोडायचे. त्यातल्या कित्येक बंदुका विंचेस्टरने कधी बनवल्याच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत, एवढ्यासाठीच त्या घेऊन ठेवल्या. १९०० मध्ये स्वतःच भरली जाणारी छर्र्याची बंदूक पेटंट करून घेतल्यावर मात्र ब्राउनिंगने प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. कंपनीचे प्रमुख टी. जी. बेनेट यांनी नकार दिला आणि जवळजवळ दोन दशकांचे संबंध तुटले.

ब्राउनिंग रेमिंग्टनकडे वळला. जानेवारी १९०२ मध्ये तो कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला. भेटीची वाट पाहत तो बसला असतानाच हार्टली हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. मग त्याने थेट बेल्जियम गाठले. लिएजजवळच्या हेर्स्टालमधला ‘फाब्रिक नॅशनल’ हा कारखाना १८८९ मध्ये बेल्जियन सैन्यासाठी माउझर रायफली बनवायला उभा राहिला होता आणि ब्राउनिंगचे पिस्तूल तिथे आधीपासूनच तयार होत होते. करार झाला. १९०३ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि अमेरिकेत विकण्यासाठी खुद्द ब्राउनिंगनेच १०,००० बंदुकांची मागणी नोंदवली. पुढे रेमिंग्टनलाही परवाना मिळाला. १९०५ पासून त्यांनी हीच बंदूक अमेरिकेत बनवली आणि ती पुढे मॉडेल ११ म्हणून ओळखली गेली.

दुनळी बंदुकीत नळ्या जागच्या जागी असतात आणि धक्का सरळ खांद्यात उतरतो. ऑटो-५ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत, काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे सरकतात. तिथे बोल्ट क्षणभर अडकून राहतो, नळी एकटीच पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. एवढी जड नळी दर बाराला मागे-पुढे होणार म्हणजे तिला ब्रेक हवाच.

तो ब्रेक म्हणजे मॅगझिनच्या नळकांड्यावर चढवलेली ब्राँझची चिरलेली कडी आणि उतरत्या कडेची एक पोलादी कडी. जोरदार काडतुसे वापरायची असतील तर पोलादी कडी, नळीला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग आणि ब्राँझ यांच्या मधे बसवायची. तिचा उतार ब्राँझला आवळतो, ब्राँझ नळकांडे घट्ट धरते आणि नळीचा वेग मोडतो. हलकी काडतुसे असतील तर तीच कडी स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायची. तिथे ती काही करत नाही. हलक्या बाराला जास्त ब्रेक लावला तर बंदूक काडतूस फेकत नाही. जोरदार बाराला ब्रेक कमी पडला तर नळी रिसीव्हरवर आपटते आणि कालांतराने पुढचे लाकूड फाटते. तेलाचेही तसेच. नळकांड्यावर तेलाचा हात फिरवून पुसून टाकायचा, नुसता पातळ थर राहिला पाहिजे. बंदुकीची काळजी घ्यायची म्हणून तेल ओतणाऱ्याचा ब्रेक घसरतो, आणि कोरडी ठेवणाऱ्याची बंदूक अडखळते.

विंचेस्टरला आपण काय गमावले ते लवकरच कळले. ब्राउनिंगच्या पेटंटांना वळसा घालून कंपनीचा रचनाकार टी. सी. जॉन्सनने मॉडेल १९११ तयार केले. बोल्ट ओढायचा दांडा पेटंटमध्ये अडकलेला, म्हणून नळीवरच खरबरीत पट्टा कोरून ती मागे ढकलायची सोय केली. ओलाव्याने फुगलेले कागदी काडतूस अडकले की काही जण दस्ता जमिनीवर टेकवून, तोंडाकडून नळी खाली दाबत. त्यात बार उडाला तर जिवावर बेते, म्हणून त्या बंदुकीला ‘विधवा करणारी’ हे नाव पडले. १९२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

जुनी ऑटो-५ घेताना तपासायच्या बाकीच्या गोष्टींनाही असाच इतिहास आहे. बेल्जियन नळीवर चोक, म्हणजे नळीचे तोंड किती आवळलेले आहे ते, चांदण्यांनी दाखवलेला असतो : एक चांदणी म्हणजे फुल, दोन म्हणजे मॉडिफाइड, तीन म्हणजे सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बेल्जियन १६ बोअर बंदुकांचे चेंबर सहसा ६५ मिलिमीटर काडतुसाचे असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात शिरते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून आधी गनस्मिथकडून माप घ्यावे लागते. जुन्या नगांत सेफ्टी चापाच्या पुढे, गार्डच्या आत असे. बोट चापाशेजारी न्यावे लागे. नंतर ती चापामागे आडवी आली. मॅगझिनमध्ये कधी लाकडाची काठी सापडते. चार मॅगझिनमध्ये आणि एक चेंबरमध्ये अशी पाच काडतुसे या बंदुकीत मावतात, पण १९३५ मध्ये अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीला तीन काडतुसांची मर्यादा घातली. ती काठी त्या नियमाची. १९९१ पासून त्याच शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी आली. पोलादी छर्रे जुन्या बेल्जियन नळ्यांत वापरू नयेत, असे खुद्द ब्राउनिंग कंपनीच सांगते. त्यामुळे बदकांसाठी घेतलेल्या कित्येक बंदुका दुसरे काम शोधू लागल्या.

स्क्रूकडेही बघावे लागते. त्यांच्या खाचा अरुंद असतात. त्या झिजलेल्या, ओरबाडलेल्या दिसल्या तर घरातल्या पेचकसाने कुणीतरी बंदूक उघडली आहे. दस्त्याच्या आत, बोल्टला पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या नळीत दशकांचे तेल गोठून गोंदासारखे झालेले असते. बोल्ट सुस्त वाटला तर पहिला संशय तिथे घ्यायचा. रिकॉइल स्प्रिंगही थकते; पण ती बदलणे स्वस्त आहे आणि अनेक खरेदीदार पहिल्याच सफाईत ती बदलून टाकतात.

१९४० मध्ये जर्मनांनी हेर्स्टाल ताब्यात घेतले, तेव्हा अमेरिकन बाजारासाठी ब्राउनिंगच्या नावाच्या बंदुका रेमिंग्टनने बनवल्या. मॉडेल ११ वर तर अमेरिकन विमानदलाच्या तोफचींनी हलते लक्ष्य टिपायचा सराव केला. युद्धानंतर काम पुन्हा बेल्जियममध्ये आले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास जपानमधल्या मिरोकू कारखान्याकडे गेले. १९९८ च्या सुमारास उत्पादन थांबले. तोवर वीस लाखांहून अधिक ऑटो-५ तयार झाल्या होत्या. २०१२ मध्ये ब्राउनिंग कंपनीने ए-५ हे नाव देऊन नवी बंदूक आणली. रिसीव्हरचे ओळखीचे चौकोनी कुबड तिलाही आहे, पण तिची नळी सरकत नाही, ती जडत्वाच्या तत्त्वावर चालते आणि तिच्यात घर्षणाच्या कड्या नाहीत. कड्यांची पारख करावी लागते ती अजून फक्त जुन्या बंदुकीच्या गिऱ्हाइकालाच.