विस्तवाची छिन्नी

१८९५ साली 'नेचर' या नियतकालिकात एच. वार्थ यांनी बेंगळुरूजवळच्या एका ग्रॅनाइट खाणीचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे सुरुंग नव्हता. साधने दोनच, लाकडाचा जाळ आणि हातोडा. उघड्या खडकावर सुमारे ७ फूट लांबीची जाळाची ओळ पेटवली जाई. कामगार खडकावर ठोके देत नाद ऐकत. नाद बदलला, म्हणजे वरचा थर खालच्या खडकापासून सुटला, की विस्तव काही इंच पुढे सरकवायचा. ८ तासांत ७४० चौरस फुटांची, सरासरी ५ इंच जाडीची शिळा मोकळी होई. १ पौंड लाकडामागे ३० पौंड दगड, असा तो हिशेब.

यामागचे भौतिकी सोपे आहे, हातोटी मुळीच सोपी नाही. ग्रॅनाइट उष्णतेचा मंद वाहक. वरचा पातळ थर तापून प्रसरण पावू पाहतो, खालचा थंड खडक त्याला जखडून ठेवतो. या ताणातून पृष्ठभागाला समांतर भेग पडते. ती जाळाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३ फूट पुढे जाई. न दिसणाऱ्या भेगेचे टोक कोठे पोहोचले, हे केवळ कानाने ठरवायचे. वस्तू न मोडता तिच्यातील दोष शोधण्यासाठी आज ध्वनिलहरी वापरतात, तत्त्व तेच.

विस्तवाने खडक फोडणे रोमनांनाही ठाऊक होते. थोरल्या प्लिनीने सोन्याच्या खाणींच्या वर्णनात अग्नी व शिर्का यांचा उल्लेख केला आहे. पण बोगद्यात धुराने जीव गुदमरे, म्हणून बहुधा १५० रोमन पौंड लोखंड बसवलेल्या यंत्रांनी खडक फोडत, असेही तो सांगतो. त्यांचा अग्नी खडक ठिसूळ करून फोडण्यासाठी होता. बेंगळुरूचा अग्नी कापत होता.

रोमनांचे खरे वैशिष्ट्य व्यवस्थापनात होते. पोर्तुगालमधील अल्जुश्ट्रेल येथे सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्यांवर खाणींच्या विहिरींना आधार देण्यापासून कामगारवस्तीच्या स्नानगृहाच्या वेळांपर्यंत नियम कोरलेले आहेत. शिक्षाही आहेत, आणि गुलामाची शिक्षा अर्थातच निराळी. इजिप्तच्या वाळवंटातील मॉन्स क्लॉडियानस या खाणीतून रोमच्या पँथिऑनचे दर्शनी स्तंभ गेले. तेथे लेख असलेली ९,००० हून अधिक खापरे मिळाली. त्यांतील एका यादीत इ. स. ११० च्या सुमाराचे ९२० माणसांचे पाणीवाटप नोंदलेले आहे. स्थानिक कुशल कामगाराचा मासिक पगार ४७ द्राख्मा होता, हेही त्या खापरांवरूनच कळते.

बेंगळुरूच्या खाणीचा हिशेब याच्या नेमका उलट. दगडाचे विशिष्ट गुरुत्व २.६२, म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत, आपल्याला उपलब्ध आहे. पुढे विश्वकोशांनी उचलले तेही आकडेच. कर्नाटकात दगडकाम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या समाजांत वड्डर मोठे. महाराष्ट्र त्यांना वडार म्हणून ओळखतो. नाद कोणत्या क्षणी बदलतो, हे ज्ञान अशाच कारागिरांच्या कानांत होते. वार्थ यांनी विस्तवाचा वेगसुद्धा मोजला: तासाला जवळजवळ ६ फूट.