हॅलोविनसाठी घरच्या घरी रोबो



३१ ऑक्टोबर जवळ आला की घरोघरी एकच प्रश्न: "आई, मी कोण होऊ?" भारतातून नुकत्याच आलेल्या आईबाबांना हॅलोविन म्हणजे आपल्या शाळेतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा वाटते. फरक एवढाच की त्या संध्याकाळी गल्लीतली बहुतेक मुलं कोणीतरी बनून फिरतात आणि साध्या कपड्यातलं आपलं मूल हिरमुसून जातं. या प्रथांचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सेल्टिक लोकांच्या 'साउइन' सणाशी जोडतात. अमेरिकेत त्या रुजल्या त्या मुख्यतः १९व्या शतकात आलेल्या आयरिश आणि स्कॉटिश लोकांमुळे. म्हणजे हा सणही आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या मंडळींचा!

तयार पोशाख एकदाच घातला जातो. त्यापेक्षा दोन संध्याकाळी देऊन घरीच रोबो करावा असं आम्ही सुचवतो.

साहित्य (६-७ वर्षांच्या मुलासाठी)

- साधारण १४ इंच रुंद, १० इंच खोल आणि १६ इंच उंच असा पुठ्ठ्याचा खोका
- पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल, गोंद, चंदेरी डक्ट टेप
- बाटल्यांची झाकणं, जुन्या सीडी
- जुना टॉवेल, कानटोपी, दोन पाइप क्लीनर
- अंधारात चमकणारी रिफ्लेक्टिव्ह टेप

कृती

१. खोक्याची खालची झाकणं कापून टाका. वरची टेपने पक्की बंद करा.

२. मुलाच्या डोक्याचा घेर मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा. आलेल्या व्यासात २ इंच मिळवा. घेर २० इंच असेल तर वरच्या बाजूला सुमारे साडेआठ इंचांचं भोक हवं. (शाळेतली भूमिती अशी उपयोगी पडते!)

३. दोन्ही बाजूंना, वरून २ इंच सोडून, हातांसाठी ६ इंचांची भोकं पाडा. कापाकापी मोठ्यांनीच करायची.

४. सगळ्या कडांना टेप लावा, नाहीतर पुठ्ठा मानेला आणि काखेत घासतो. खांद्यावर येणाऱ्या भागात आतून टॉवेलच्या घड्या चिकटवा.

५. बाहेरून फॉइल चिकटवा आणि कोपऱ्यांवर टेप लावा, कारण फॉइल तिथेच आधी फाटतो. झाकणांची बटणं आणि सीडीची चक्रं कुठे लावायची ते मुलालाच ठरवू द्या.

६. कानटोपीवर पाइप क्लीनरच्या दोन ॲन्टेना शिवा.

एवढं जरूर सांभाळा

डोक्यावर दुसरा खोका किंवा मुखवटा नको. बाजूने येणारी गाडी दिसली पाहिजे, म्हणूनच कानटोपी. रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे आणि मागे दोन्हीकडे लावा. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात, त्यामुळे संध्याकाळी थोडा जास्त उजेड मिळतो. तरी परत येईपर्यंत अंधार होतोच, तेव्हा हातात टॉर्च हवाच.

खोका घालून गाडीत बसवू नका. सीटचा पट्टा अंगाला नीट बसला पाहिजे. पायऱ्या चढताना गुडघे खोक्याला अडत नाहीत ना, हे आदल्या दिवशी घरातच तपासा. थंडीच्या गावी आत जाड कोट घालूनच माप घ्या. मिनेसोटात १९९१ साली हॅलोविनच्या दिवशीच मोठं हिमवादळ आलं होतं.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. पुठ्ठा पटकन पेट घेतो. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. काही वर्षी दिवाळी अगदी लागून येते. २०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं. अशा वेळी पणत्या आणि फुलबाज्यांजवळ जाण्याआधी रोबो उतरवून ठेवा.

दारादारांत लोक विचारतील, "पोशाख कुठून आणला?" तेव्हा "मी आणि बाबांनी केला" हे उत्तर मुलालाच देऊ द्या.

हॅपी हॅलोविन!