प्रकारसंकेताचा भंग : मोझार्टची एक सेरेनेड

वाङ्मयप्रकारांची चर्चा करताना आपण बहुधा रूपलक्षणे मोजत बसतो. प्रकार हा मुळात श्रोत्याशी वा वाचकाशी झालेला अलिखित करार असतो, हे मात्र नजरेआड होते. मोझार्टच्या सी मायनर सेरेनेडचा (के. ३८८) इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नातील सरदारांच्या पदरी सुषिरवाद्यांचे छोटे ताफे असत. भोजनसमयी किंवा संध्याकाळी उद्यानात त्यांनी वाजवावे आणि यजमानाने गप्पा न थांबवता ऐकावे, असा संकेत होता. १७८२ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न व दोन बसून असा आठ जणांचा ताफा दरबारात नेमला. मोझार्टच्या हस्तलिखितावर हेच साल आहे, वाद्येही हीच.

कृती मात्र करार मोडणारी आहे. रंजनाच्या या प्रकारात क्वचितच आढळणारे मायनर स्वरक्षेत्र, आणि भाग चारच. मिन्युएट हे खरे तर नृत्य. येथे ओबोंनी मांडलेल्या स्वरवाक्याचा बसून पाठलाग करतात, आणि मधल्या भागात तर उत्तर देणारा आवाज मूळ वाक्य आरशातल्यासारखे उलटे करून म्हणतो. घास घेणाऱ्या पाहुण्याने हे ध्यानात घ्यावे तरी कसे? अखेरीस सी मेजरमध्ये येणारी प्रसन्नता मला तरी करारपूर्तीपेक्षा सवलत वाटते.

पुढे मोझार्टने हीच कृती दोन व्हायोलिन, दोन व्हिओला व चेलो यांच्यासाठी उतरवली (के. ४०६) आणि १७८८ च्या एप्रिलमध्ये आणखी दोन पंचकांसह वर्गणीदारांपुढे ठेवली. वर्गणीदार फारसे मिळाले नाहीत, ही गोष्ट वेगळी. स्वररचना जवळजवळ तीच असूनही आता तिच्यात काही मोडल्यासारखे उरले नाही, कारण तंतुवाद्यांच्या पंचकाकडून गांभीर्य आणि असली स्वरांची गुंफण अपेक्षितच असे. भंग घडला होता तो संहिता आणि याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते, या दोहोंमधल्या जागेत. संहितेच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेला या दोन रूपांतला फरक सांगता येईल तो केवळ नादगुणाचा.

याच सुमारास, १७८७ च्या ‘दोन जोव्हान्नी’त, मोझार्टने हा करार थेट रंगमंचावर आणला. नायक जेवतो आहे. सुषिरवाद्ये त्या काळच्या लोकप्रिय ऑपेरांतील धुना वाजवीत आहेत, त्यांत मोझार्टच्याच ‘फिगारो’तील एक आहे आणि नोकर लेपोरेल्लो ती ओळखतो. थोड्याच वेळात दगडी पुतळा भोजनाला येतो.