पलटणीतून परतलेला माणूस

कारगिलच्या लढाईनंतर, 1999 साली, आमच्या वस्तीतला एक शिपाई सुट्टीवर घरी आला. मी तेव्हा लहान होतो. गावाने त्याला एस्टीच्या थांब्यावर हार घातला, हलगी लावून पारापर्यंत मिरवत आणले. (हलगी वाजवणारे अर्थातच आमच्या शेजारच्या वस्तीतले.) पाराशी मिरवणूक थांबली. पुढची वाट आमच्या वस्तीची. तिथून ट्रंक त्याने आपल्याच डोक्यावर घेतली. वर्गात कोरेगावचा स्तंभ शिकवायला घेतला की मला ती ट्रंक आठवते.

1 जानेवारी 1818 रोजी भीमेकाठी कोरेगावला कॅप्टन स्टाँटनची तुकडी पेशव्यांच्या फौजेशी लढली. कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला आणि त्यावर मेलेल्यांची नावे कोरली. त्यांत 22 नावे महार शिपायांची आहेत. शेवटच्या 'नाक'वरून ती ओळखू येतात. ज्यांच्या सावलीचाही विटाळ धरला जाई त्यांची नावे दगडावर आली, हे थोडके नव्हे. पण जे जिवंत परतले त्यांचे काय? जुन्या लढायांसाठी पदक मंजूर झाले ते 1851 साली, म्हणजे 33 वर्षांनी. आणि तेही हयात असतील त्यांनाच. विशीतला शिपाई तोवर पन्नाशी ओलांडून गेलेला.

पलटणीने आपल्या माणसांना खरे दिले ते अक्षर. दापोलीला अशा शिकलेल्या पेन्शनरांची वस्तीच होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच राहिले. गोपाळबाबा वलंगकर 1886 साली निवृत्त झाले आणि त्यांनी लेखणी हाती धरली. पुढे सरकारने 'लढाऊ जाती'चे खूळ काढले आणि महारांची भरती बंद झाली. कोरेगावचा दगड जागेवर होता, पण नातवाला पलटणीत जागा नव्हती. वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय असल्याचे सांगावे लागले. तीन पिढ्यांची चाकरी पुरेशी धरली गेली नाही, हे मला त्या अर्जातले सगळ्यांत बोचरे वाटते. 1895 साली सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले, तर बरोबरच्या सवर्ण सभासदांना ते रुचले नाही. फौजेत हवालदारी केलेला माणूस शेजारच्या खुर्चीवर चालेना!

1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. भरती उघडली ती महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा. 1917 साली 111वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, 1921 साली ती मोडली. हार नाही, तुरा नाही, घरी जा.

1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये ते महाडला होते, वलंगकरांच्या त्याच महाडला, आणि तिथल्या भाषणात त्यांनी दापोलीच्या पेन्शनरांची व बंद झालेल्या भरतीची आठवण काढली. पुढे 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला.

आमच्या वस्तीतला तो शिपाई आता पेन्शनर आहे. 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला गावाचे त्याला बोलावणे येते, बसायला खुर्ची मिळते. 1 जानेवारीला मात्र तो आपल्या पैशाने, पदके लावून, पहाटेच्या गाडीने कोरेगावला जातो.