परमुलखात आपल्या भाषेतलं हसू

आज आम्ही तुम्हाला लाटव्हियाच्या लोकांची गोष्ट सांगणार आहोत. युरोपात बाल्टिक समुद्राकाठी हा छोटासा देश आहे. १९४० साली तो सोव्हिएत फौजांनी घेतला, १९४१ मध्ये जर्मनांनी. १९४४ साली सोव्हिएत फौजा परत आल्या, तेव्हा लाखाहून जास्त माणसं घरदार सोडून पळाली. बरीचशी जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत पोचली.

या लोकांना गाण्याचं भारी वेड. त्यांच्या देशात १८७३ पासून मोठे गायन-उत्सव भरत आलेले. मग छावणीतही गायनमंडळं उभी राहिली, नाटकं बसली. १९४७ साली एसलिंगेन गावच्या छावणीत तर गाण्यांचा उत्सवच झाला.

पुढे छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. १९४६ पासून इंग्लंडने बाल्टिक देशांतल्या तरुण बायकांना क्षयरोगाच्या इस्पितळांत कामाला नेलं. त्या योजनेचं नाव होतं ‘बाल्ट सिग्नेट’, म्हणजे बाल्टिकची हंसाची पिल्लं. नाव गोड, पण काम झाडण्या-पुसण्याचं आणि रुग्णांच्या सेवेचं. बाकीची कुटुंबं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेली.

तिथे पोटाची सोय झाली. पण पोरं इंग्रजी शाळेत जाऊ लागली. घरची भाषा टिकावी म्हणून शनिवारच्या शाळा काढल्या, सभा घेतल्या. गेलेल्या देशाचं दुःख मोठ्यांच्या मनात ताजं होतं. परमुलखात जन्मलेल्या पोरांनी तो देश पाहिलाच नव्हता. नुसत्या दुःखाच्या आठवणींवर ती किती दिवस भाषा धरून ठेवणार?

इथे विनोद कामाला आला. आन्श्लाव्स एग्लीतिस हे लेखक अमेरिकेत राहून आपल्या भाषेत विनोदी नाटकं लिहीत, आणि परदेशातल्या लाटव्हियन नाटकमंडळ्या ती करत. १९६१ साली शिकागोत आल्बर्ट्स लेग्झ्दिन्श यांनी गाणाऱ्यांचा एक संच उभा केला. त्याचं नाव ‘चिकागास पिएत्सीशी’, म्हणजे शिकागोचे पाच जण. पुढे माणसं बदलत गेली, नाव तेच राहिलं. गिटारवर गाणी, मध्ये नकला आणि चुटके. थट्टा कुणाची? स्वतःचीच! परदेशी लाटव्हियनांच्या सभा, त्यांचे रुसवेफुगवे, इंग्रजी शब्दांना घरची शेपटी लावून बोलणं, सगळं गाण्यात यायचं. त्यांच्या तबकड्या निघाल्या, गावोगावी कार्यक्रम झाले.

मैत्रिणींनो, यातली गंमत बघा. विनोद फोड करून सांगावा लागला की त्यातली मजा गेली. तो ऐकताक्षणी कळायला भाषा पुरती अंगात मुरलेली लागते, आणि घरातल्या माणसांची तऱ्हा ठाऊक असावी लागते. म्हणून आजीबरोबर नातू हसला, की समजावं, भाषा अजून घरात नांदते आहे. ही परीक्षा कुठल्या वहीत घेता येत नाही.

ही गाणी मायदेशातही पोचली. तिथे सोव्हिएत सत्ता होती, उघड मिळायची नाहीत. लोक टेपवर उतरवून एकमेकांना द्यायचे. १९८९ साली हा संच लाटव्हियात गेला, तेव्हा हजारो लोक ऐकायला लोटले. ज्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांची गाणी लोकांना पाठ होती. दोनच वर्षांत, १९९१ च्या ऑगस्टमध्ये, लाटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला.

तेव्हा भाषा राखायची म्हणजे फक्त धडे आणि भाषणं नव्हेत. मुलांना आपल्या भाषेत चिडवा, कोडी घाला, नकला करून दाखवा. त्यांनी उलट चिडवलं तर रागावू नका. ती शिकली आहेत, एवढंच समजा.