पाइन वृक्षांच्या रक्षणासाठी खोडात ‘इंजेक्शन’

हिरवागार पाइन वृक्ष उन्हाळ्याच्या अखेरीस तांबूस पडू लागतो आणि काही आठवड्यांत वाळून जातो. जपानमध्ये ही मर प्रथम १९०५ साली नागासाकी परिसरात आढळली. तिचे कारण मात्र १९७१ मध्ये उलगडले. कियोहारा आणि तोकुशिगे या संशोधकांनी निरोगी झाडांत एक सूत्रकृमी सोडला आणि ती झाडे मेली. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेतील. तेथील पाइन त्याला बऱ्याच अंशी तोंड देतात. जपानी काळा व तांबडा पाइन मात्र सहज बळी पडतात. पुढे चीन (१९८२), दक्षिण कोरिया (१९८८) व पोर्तुगाल (१९९९) येथेही तो आढळला.

या कृमीला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो तो लांब मिशांचा भुंगेरा. कोवळ्या फांद्यांची साल तो कुरतडतो आणि त्या जखमांतून कृमी आत शिरतात. त्यांची संख्या झपाट्याने वाढते, खोडातून वर जाणारे पाणी अडते व झाड मरते.

भुंगेऱ्यांना मारण्यासाठी जपानमध्ये हेलिकॉप्टरमधून कीटकनाशके फवारण्यात आली. परंतु इतर कीटक व लोकवस्तीवरील परिणामांमुळे या उपायाला विरोध झाला. शिवाय लाकडाच्या आत दडलेल्या कृमीपर्यंत फवारा पोहोचत नाही. त्यामुळे खोडाला छिद्र पाडून औषध आत सोडण्याची पद्धत विकसित झाली. गुराढोरांना जंतांवर दिले जाणारे मोरँटेल टार्ट्रेट त्यासाठी वापरात आले. नंतर अ‍ॅबामेक्टिन व एमामेक्टिन बेंझोएट यांची भर पडली. ही दोन्ही औषधे अ‍ॅव्हरमेक्टिन गटातील आहेत. जपानच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून हा गट मिळवणारे सातोशी ओमुरा २०१५ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

पाण्यात सहज न विरघळणारे औषध शेंड्यापर्यंत कसे पोहोचवायचे, ते काही वर्षे कसे टिकवायचे आणि झाडाला इजा कशी टाळायची, हे संशोधकांपुढील मुख्य प्रश्न. राळ कमी पाझरते म्हणून इंजेक्शन सहसा हिवाळ्यात देतात.

मात्र हा उपाय प्रतिबंधापुरताच आहे. औषध झाडातील पाण्याबरोबरच वर चढते. रोगाने तो प्रवाह थांबला की त्याचा उपयोग उरत नाही. प्रत्येक झाडाला स्वतंत्र छिद्र पाडावे लागत असल्याने संपूर्ण जंगलासाठी ही पद्धत परवडत नाही. त्यामुळे मंदिरांचे परिसर, उद्याने आणि निवडक जुने वृक्ष यांनाच प्राधान्य मिळते. इतरत्र मेलेली झाडे भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी तोडून जाळणे किंवा त्यांचा भुगा करणे, हाच मुख्य उपाय आहे.