संगणककामातील स्नायुवेदना : बैठक व नेत्रताण

संगणकावर एकाच बैठकीत बराच वेळ काम केल्याने मान, खांदे, पाठ, कंबर व मनगट यांत उद्भवणारे दुखणे. डोळ्यांवरचा ताण हे त्याचे महत्त्वाचे, पण बहुधा दुर्लक्षित राहणारे कारण आहे.

इतिहास : इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणे नोंदवली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. संगणकाने त्यांत उजळ पडद्याची भर घातली.

कारणमीमांसा : माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे 5 किग्रॅ. असते. ते मणक्यांवर तोललेले असताना मानेच्या स्नायूंना थोडेच बळ लावावे लागते. मान पुढे झुकली की स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. स्नायू तासन्‌तास आखडलेले राहिल्याने थकतात, खांदे भरून येतात आणि पाठीला रग लागते.

जवळचे पाहताना डोळ्यांतील भिंगाचा आकार बदलणारे स्नायू सतत कामात असतात. एरवी मिनिटाला 15 ते 20 वेळा होणारी पापण्यांची उघडझाप पडद्यासमोर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अक्षर नीट दिसेना की माणूस नकळत तोंड पुढे नेतो. दोन भिंगांचा (बायफोकल) चष्मा असणारा खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी वर करतो. नजर स्थिर ठेवायची तर डोकेही स्थिर धरावे लागते. डोळ्यांवरील ताणासोबत खांद्याच्या स्नायूंची क्रियाही वाढते, असे स्वीडनमधील गेव्हले विद्यापीठाच्या संशोधनात दिसले आहे.

चौक परिसर : गावपातळीवरील अशा कामाचे उदाहरण म्हणून चौक (ता. खालापूर, जि. रायगड) घेता येईल. हे जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील गाव असून पनवेल–कर्जत लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. दाखल्यांचे अर्जही ऑनलाइन झाले. त्यामुळे अशा गावांत तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत व सेवा केंद्र येथील काम पडद्यावर आले. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांसाठी गर्दी उसळते. ऑपरेटर टेबलावरच्या कागदावर मान घालून नाव वाचतो, मान उचलून पडद्यावर भरतो, मग बाजूला वळून समोरच्याला जन्मतारीख विचारतो; प्रत्येक अर्जाला हेच. प्लास्टिकच्या खुर्चीला हात नसले तर माउस धरलेला दंड अधांतरी राहतो. साइट बंद पडली की उरलेले अर्ज रात्री भरले जातात. नीट खुर्ची आणि योग्य नंबरचा चष्मा ही या कामाची आवश्यक साधनेच मानली पाहिजेत.

उपाय : पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. दोन भिंगांचा चष्मा असल्यास पडदा आणखी खाली घ्यावा. खिडकीचा उजेड पडद्यावर थेट न येता बाजूने यावा. कागद पडद्याशेजारी उभा लावावा. पाय जमिनीला टेकावेत, कोपरांना आधार असावा. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 20 फुटांपलीकडे पाहावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. मान वारंवार धरत असेल तर केवळ तेल चोळून न थांबता डोळेही तपासून घ्यावेत. हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असल्यास डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे.